हॉस्कीचं माप

डग खुर्चीत बसला आणि सभागृहातली कुजबुज एकदम थांबली.

त्याला वाटलं, लोक लक्ष देताहेत. त्याने चाकांची ती खुर्ची डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, मग एक गिरकी घेतली. अमेरिकेतल्या फ्लॅगस्टाफ शहरातल्या सेवा क्लबातर्फे तो नव्हाहो आदिवासींच्या वस्तीत अशा खुर्च्या वाटायला आला होता. बाकावरच्या म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या.

"ऊठ रे बाबा त्यातून!" ग्लेनाबा नव्हाहो भाषेत ओरडली.

डग गोंधळून दुभाष्या मुलीकडे, व्हर्लिंडाकडे पाहू लागला. "काय झालं? मोडली का?"

"मोडली नाही. धडधाकट माणसानं त्यात बसायचं नसतं. दुखणं बोलावल्यासारखं होतं."

"त्याच्यासाठी एक राखून ठेवा," बाकावरून नेड म्हातारा म्हणाला. "लागणारच आहे आता."

सगळा बाक हसला. का हसला, ते डगला कोणी सांगितलं नाही. ग्लेनाबा मात्र हसली नाही. नातवाने कुबड्या घेऊन लंगडण्याचं सोंग केलं होतं, तेव्हा तिने त्याला आठवडाभर घोड्याला हात लावू दिला नव्हता.

तिचा नंबर आला. अठ्ठ्याहत्तर वर्षांची ग्लेनाबा ताठ चालत टेबलापाशी गेली. डग तिच्या पायांकडे पाहतच राहिला.

"कोणासाठी हवीय?"

"आमच्या म्हाताऱ्यासाठी. हॉस्कीसाठी."

"कुठे आहेत ते?"

तिने ओठ पुढे काढून उत्तर दिशा दाखवली. "घरी. त्याला गाडीत चढवायला दोघं लागतात. मी एकटी आहे."

"त्यांना आणावं लागेल. बसवून माप घेतल्याशिवाय खुर्ची देता येत नाही."

व्हर्लिंडाने ते दोनदा सांगितलं. ग्लेनाबा बुचकळ्यात पडली. त्याला येता आलं असतं तर खुर्ची कशाला लागली असती? मग डगने कारण सांगितलं. गेल्या वर्षी मापाशिवाय दिलेली खुर्ची एका आजींना अरुंद झाली, मांडी सोलली गेली, जखम चिघळली. ते खरं होतं. त्या आजींना दवाखान्यात मटणाचा रस्सा ग्लेनाबानेच नेला होता. हा माणूस बरोबर, आपणही बरोबर. मग अडलंय कुठे, तिला कळेना.

वाळूत चालणारी, रुंद चाकांची एकच खुर्ची उरली होती. क्लब पुन्हा येणार वसंतात. हॉस्की जूनमध्ये पडला तेव्हापासून एकदाही पहाटेच्या प्रार्थनेला घराच्या पूर्वेच्या दारापर्यंत पोचला नव्हता. मक्याच्या परागाची थैली उशाशी ठेवून तो आढ्याकडे बघत प्रार्थना म्हणायचा. "आढ्याला ऐकू जातं का गं?" असं त्याने परवा विचारलं होतं.

"त्याला सांग," ती व्हर्लिंडाला म्हणाली, "हॉस्कीच्या पँटी मला बरोबर येतात. कमरेला, लांबीला. मेंढ्या कातरताना मी त्याच घालते."

ते ऐकून डगचा चेहरा उजळला. खुर्चीच्या बैठकीवर थाप मारत तो भराभर काहीतरी बोलला.

"काय म्हणाला?"

"वसंतात या म्हणतोय, आजी."

"खोटं कशाला बोलतेस? हात कुठे ठेवलाय त्यानं, दिसतंय मला."

ग्लेनाबाने घागरा सावरला आणि ती खुर्चीत बसली.

बाकावरून कोणीही 'ऊठ' म्हणालं नाही. नेडने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

डग टेप घेऊन खाली बसला होता. त्याने आजूबाजूला पाहिलं. "आता माझं काय चुकलं?" त्याने हळूच विचारलं.

ग्लेनाबाने दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले होते. चाकांना लावले नव्हते.

"सावकाश मोज म्हणावं त्याला," ती म्हणाली. "हॉस्कीला कुठे टोचता कामा नये. मी पुन्हा बसणार नाही यात."