२०२५ पूर्वी उघडू नये

"घ्या. प्या आणि सांगा, बाळासाठी कुठली बिअर ठेवायची!" नकुलने तीन भरलेले ग्लास बापापुढे आपटले. तिसऱ्यातली थोडी टेबलावर सांडली.

दीनानाथांनी हात मांडीवरून हलवले नाहीत. नऊ वर्षं ते थेंबालाही शिवले नव्हते. पोराला हे पक्कं ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणून तर त्याने हा घाट घातला होता! लेस्टरहून बर्मिंगहॅमला म्हातारा आला होता तो एकच गोष्ट विचारायला, बाळ झालं की बघायला येऊ का. आणि नकुलने आसावरीला आदल्या दिवशीच बजावून ठेवलं होतं, "वन सिप. एक घोट घेतला ना, तर बाळाचं तोंड नाही बघायचं त्यांनी. फिनिश्ड."

आसावरी दाराशी उभी होती. आठवा महिना सरत आलेला, पाय सुजलेले, तरी सासऱ्यांना स्टेशनवरून आणायला गाडी घेऊन तीच गेली होती. नकुलला जमण्यासारखं नव्हतं. सकाळपासून त्याचं टेस्टिंग चाललं होतं.

टेस्टिंग म्हणजे काय चेष्टा आहे! बाळाची चाहूल लागली त्याच आठवड्यात त्याने गॅरेजमध्ये तीन तऱ्हेच्या बिअर आंबवायला लावल्या होत्या. एक फिकट, एक काळी, आणि तिसरी चांगली जडशीळ, काकवीसारखी दाट. जी नीट मुरेल ती अठरा वर्षं जपायची आणि लेकरू सज्ञान झालं की दोघांनी मिळून फोडायची, असा बेत. लेबलंसुद्धा छापून तयार होती: २०२५ पूर्वी उघडू नये. आता मुरतेय कशी, ते चाखल्याशिवाय कसं कळणार? लोणच्याची बरणी नाही का लोक मधूनमधून उघडून बघत? बँकेतून दमून आल्यावर एक ग्लास, जेवताना एक, झोप येईना तर आणखी एक. त्याचा सगळा अभ्यास होता तो. बापाची ती दारू! पगाराच्या दिवशी लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडच्या कडेला आडवा पडलेला बाप त्याला शाळेतल्या पोरांनी दाखवला होता. आई त्याच पायी झुरून गेली. दारुडा वेगळा आणि कसबी माणूस वेगळा, एवढं न कळायला नकुल काही खुळा नव्हता.

"बघताय काय नुसते? तुमचा ओल्ड फ्रेंड आहे ना?"

दीनानाथांनी तिसरा ग्लास उचलला. नकुलला आतून उकळ्या फुटल्या. सापडला! जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ते काय उगाच? पण म्हाताऱ्याने ग्लास नाकाशी नेला, डोळे मिटून वास घेतला आणि होता तिथे परत ठेवला.

"ही ठेव. ही टिकेल."

"न पिता?"

"वासावरून कळतं रे. विसरलो नाही अजून."

"मग प्या ना! कशाला नाटक? इथे कोण बघतंय?"

"नको."

"घाबरता?"

"हो," दीनानाथ म्हणाले. "फार घाबरतो."

अशा उत्तरावर माणसाने भांडायचं तरी कसं? नकुलचं डोकंच फिरलं. एवढी चांगली बिअर, ती काय सिंकमध्ये ओतायची? त्याने फिकट ग्लास तोंडाला लावला, मग काळा, मग तो तिसरा, आणि मनगटाने ओठ पुसले. बाप त्याच्याकडे बघत होता, आणि त्या नजरेत राग नव्हता याचाच नकुलला जास्त संताप आला.

"या तिसरीच्या बाटल्या किती भरल्या होत्यास?" दीनानाथांनी विचारलं.

"दोन क्रेट."

"आणि उरल्या किती?"

"टेस्टिंगला लागतात बाबा! तुम्हाला काय कळतं त्यातलं?"

"मला त्यातलंच कळतं. दुसरं काय कळलं आयुष्यात?" दीनानाथ म्हणाले. "तू झालास तेव्हा मीही एक ठेवली होती. भारी स्कॉच. तू अठराचा झालास की दोघांनी बसून घ्यायची म्हणून. तुझ्या आईला शपथ घालून सांगितलं होतं, हिला हात लावणार नाही."

"मग? मला तर कधी दिसली नाही!"

"बारशापर्यंतसुद्धा पुरली नाही रे."

"मी तुमच्यासारखा नाही!" नकुल असा ओरडला की शेजारच्यांचं कुत्रं भुंकायला लागलं. "ऐकताय ना? मी तुमच्यासारखा नाही!"

आसावरी भिंतीला धरत धरत गॅरेजमध्ये गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात तिसरीची बाटली होती. फळीवर तेवढी एकच राहिली होती. तिने ती जाड टॉवेलात गुंडाळली आणि सासऱ्यांच्या पिशवीत नीट उभी ठेवली.

"बाबा, ही तुमच्याकडे ठेवा. आणि मी फोन केला की लगेच निघा. हॉस्पिटलमध्ये मला तुम्ही जवळ हवे आहात."

दीनानाथांनी पिशवी दोन्ही हातांनी धरली.

"आर यू मॅड?" नकुल उठायला गेला आणि टेबलाला धरून पुन्हा खाली बसला. "बाळाची बाटली दारुड्याच्या घरी ठेवते?"

"नाही," आसावरी म्हणाली. "दारुड्याच्या घरातून बाहेर काढतेय."