चार ते पाच

रुद्राणी लातूरला शिकवणीच्या नववीच्या फाउंडेशन बॅचला होती. तिची आई वर्षाराणी रोज औशाला ये-जा करायची आणि तिथल्या शाळेत शिकवता शिकवता मोबाइलवरून घरी लेकीच्या खोलीतल्या कॅमेऱ्यावर डोळा ठेवून असायची. पण आठवडाभर एकच चाललेलं: दुपारी चार वाजले की चित्र थिजायचं, ते पाचलाच हलायचं.

तिनं नांदेडला नोकरीवर असलेल्या नवऱ्याला फोन लावला.

"अहो, त्या नेटवाल्याला झापा की जरा!"

"नेट ठणठणीत आहे गं. मी इथूनच तपासलं, आपल्याच वायफाय राउटरच्या सेटिंगमध्ये कुणीतरी कॅमेऱ्याचा अपलोड स्पीड पार कमी करून ठेवलाय. रोज चार ते पाच, तेवढाच वेळ. म्हणून चित्र थिजतंय."

"तुम्ही केला?"

"मी कशाला करू? अन् पासवर्ड तर आपल्या तिघांनाच ठाऊक."

वर्षाराणीनं फोन ठेवला. चौदा वर्षांची पोर, घरात एकटी. कोण येत असेल? दुसऱ्या दिवशी तिनं अर्धी रजा टाकली, सव्वाचारला आवाज न करता आपल्या किल्लीनं दार उघडलं आणि थेट लेकीच्या खोलीत शिरली.



पलंगावर गाढ झोपलेली रुद्राणी चाहुलीनं दचकली आणि डोळे उघडायच्या आधीच म्हणाली, "वाचतेच आहे गं, आई!"