इंजिनाच्या जागी

जुनं इंजिन काढल्यावर होडीच्या पोटात एवढा मोठा खड्डा पडेल, असं हसुरामला वाटलं नव्हतं. नवं बसवायला पुतण्याची बोट तिला दोराने ओढत जेटीकडे नेत होती. खाडीच्या तोंडाशी पाणी कमी पडलं, तसा पुतण्या इंजिन बंद करून भरतीची वाट बघत थांबला.

तेवढ्या वेळात साचलेलं काळं तेल पुसून घ्यावं म्हणून हसुराम खड्ड्यात उतरला. वाकता वाकता त्याचा कान तळाच्या फळीला लागला आणि तो तसाच राहिला. खालून, थेट पाण्यातून आवाज येत होता. शेकडो बेडूक एकदम ओरडावेत तसा.

शिडाच्या काळात आजा फळीला कान लावून घोळ मासा हुडकायचा, असं बा सांगायचा. हसुराम ती थाप समजून हसायचा.

"बा, घोळ बोलतेय!" तो वर होडीच्या काठाशी बसलेल्या बापाला ओरडून म्हणाला.

म्हाताऱ्याला कुठलं ऐकू यायला! याच जुन्या इंजिनाने त्याचे दोन्ही कान खाल्ले होते. हसुरामने त्याला धरून खाली उतरवलं आणि त्याचा तळहात फळीवर दाबला. लाकूड थरथरत होतं. म्हाताऱ्याने डोळे मिटले.

"घोळ संपली, घोळ संपली म्हणून वीस वर्षं रडलो," तो पुटपुटला. "ती कुठं गेलीच नव्हती रे."

भरती आली. पुतण्या इंजिन चालू करायला वळला, तसे हसुरामने दोन्ही हात वर केले.

"थांब!"

नवं इंजिन जेटीवर वाट बघत होतं. बघू दे.