आतून उघडणारं दार

गिलियन थॉर्नली आपल्याच घराच्या दारासमोर येऊन उभी राहिली, ती उभीच राहिली.

हॅलिफॅक्सच्या चढावरचं, ओळीतल्या इतर घरांना चिकटलेलं दगडी घर. हिरवं दार. तिने ना घंटी दाबली, ना पर्समध्ये हात घातला. मान ताठ, हात सोडलेले, नजर दारावर. रस्त्यापलीकडे कॅमेरेवाले दुपारपासून ठाण मांडून बसले होते. सकाळपर्यंत ही बाई ब्रिटनची पंतप्रधान होती. निवडणूक हरली, राजाकडे जाऊन राजीनामा देऊन आली, तरी डोळ्यांतून टिपूस नाही. तेवढा एक रडका फोटो मिळाला असता की त्यांचं भागणार होतं.

मागून तिचा नवरा डेरिक दोन खोकी सांभाळत, धापा टाकत आला. "काय गं, झालं काय?" असं विचारायला त्याने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. त्याच्या लक्षात आलं. दार उघडेल म्हणून ती वाट बघत होती.

सहा वर्षं! सहा वर्षांत तिने घराचं दार हाताने उघडलंच नव्हतं. लंडनला पंतप्रधानांच्या सरकारी घराच्या त्या काळ्या दाराला बाहेरून किल्लीच लागत नाही. आत कायम कुणीतरी बसलेलं असतं, आणि तुम्ही पायरी चढायच्या आत दार आपसूक उघडतं. उघडणारा दाराआड उभा असतो, रस्त्यावरून दिसतही नाही. म्हातारा ओकली तिथला दारवान. संसदेतून मार खाऊन आल्यावर ती आत शिरली की तो म्हणायचा, "बाहेर फार गारठा आहे, मॅडम." मग भर उन्हाळा का असेना! बाकी एक अक्षर बोलायचा नाही. आज सकाळीही त्यानेच दार उघडलं. तिथल्या सगळ्या नोकरचाकरांनी दुतर्फा उभं राहून टाळ्या वाजवल्या, काही जण रडले. थोड्या वेळाने नव्या पंतप्रधानासाठी त्यांनाच तशाच टाळ्या वाजवायच्या होत्या. रीतच आहे ती, कुणी मनाला लावून घेत नाही. जिन्यातल्या माजी पंतप्रधानांच्या तसबिरींत आता तिची सगळ्यात वर लागेल आणि जुने सगळे एकेक जागा खाली सरकतील.

गाडीत तर ती चांगली होती.

"पहिल्या पंतप्रधानाला राजाने ते घर बक्षीस दिलं होतं," डेरिक कुरकुरत होता. खोकी उचलून त्याची कंबर धरली होती. "मुकाट्याने घ्यायचं ना! तर म्हणे, मला नको, पदाला द्या. एकट्याचा चांगुलपणा, आणि बोजाबिस्तरा आवरायचा आम्ही."

"अरे, स्वतःला पंतप्रधान म्हणवून घ्यायलाही तो तयार नव्हता," ती म्हणाली. "तेव्हा ती शिवी होती."

"आता तरी कुठे काय बदललंय? परवा बाजारात मी कानांनी ऐकली."

यावर ती खळखळून हसली होती. आणि आता ही अशी उभी.

डेरिक दर शनिवारी येऊन या घराच्या खिडक्या उघडायचा, त्यामुळे किल्ल्यांचा जुडगा त्याच्याच खिशात होता. त्याने तो अर्धा बाहेर काढला. "घे" म्हणायचं काय, सोपं होतं. पण मग तिला कळलं असतं की आपण इतका वेळ काय करत होतो. आपली बायको तो पुरता ओळखून होता. एवढी मोठी हार तिने पचवली होती, पण या बारीकशा वेडेपणाने ती कोसळली असती, आणि तीही त्या सगळ्यांच्या देखत. त्याने जुडगा परत खिशात सरकवला आणि खोकी पायरीवर ठेवली.

"गिल, मागे वळू नकोस. अशीच उभी राहा," तो हळूच म्हणाला आणि निघाला.

कोपऱ्यावरून वळला आणि मागच्या बोळात शिरल्याबरोबर गडी धावत सुटला! या वयात, चांगले बूट घालून, कचऱ्याच्या डब्यांना धडकत. मागचं दार उघडलं, स्वयंपाकघरातून सरळ पुढच्या खोलीत आला, श्वास आवरला, पोट आत घेतलं आणि दाराआड उभं राहून हिरवं दार अलगद उघडलं.

गिलियन आत आली. एका दमात, नेहमीसारखी.

"बाहेर फार गारठा आहे, मॅडम," डेरिक म्हणाला.

तिने त्याच्याकडे बघितलं. लाल झालेला चेहरा, चिखलाने बरबटलेले बूट, हातात जुडगा. त्याने दार लावून घेतलं, आणि तेव्हा कुठे ती रडली. त्याच्या कोटात तोंड खुपसून, लहान पोरीसारखी हुंदके देत रडली. तो तिची पाठ थोपटत राहिला.

"खोकी बाहेरच राहिली रे," बऱ्याच वेळाने ती नाक पुसत म्हणाली.

"आणतो."

त्याने जुडगा खुंटीला अडकवला, बाहेर गेला आणि मागे दार ओढून घेतलं. खोकी छातीशी धरून तो वळला. पलीकडून कुणीतरी ओरडलं, "काय हो, किल्ली विसरलात वाटतं?"

मान ताठ करून डेरिक हिरव्या दाराकडे बघत उभा राहिला.

दार उघडलं. कॅमेरे कडाडले, पण दारात कुणीच दिसेना.

"आत या, साहेब," दाराआडून रडून बसलेला आवाज आला. "बाहेर फार गारठा आहे."