सतरा वर्षं आणि एक पाय

"एकाच सरकारने एकाच माणसाला दोनदा का द्यावं?" असं विचारून मार्लीने हातातला काटा माइकसारखा डेल्मर प्रूइटच्या तोंडापुढे धरला.

"आवाज चढव," डेल्मर म्हणाला. "मागच्या रांगेतला म्हातारा झोपलाय."

मागच्या रांगेतला म्हातारा म्हणजे तिचा बाप, रॉइस. तो परसात शेगडीपाशी उभा राहून मांस उलटत होता. मार्ली आज वीस वर्षांची झाली होती. सोमवारी तिच्या कॉलेजात वादविवाद होता. लढाईत अपंग होऊन निवृत्त झालेल्या अमेरिकी सैनिकाला पेन्शन आणि अपंगत्वाचा भत्ता, दोन्ही पूर्ण मिळावेत का, हा विषय. तिच्या वाट्याला 'मिळू नयेत' ही बाजू आली होती, आणि तालमीला तिने बरोब्बर बापाच्या पलटणीतल्या जुन्या सोबत्याला, डेल काकाला, धरलं होतं. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली नव्हता.

"नियम साधा आहे," ती म्हणाली. "वीस वर्षं नोकरी झाली की पेन्शन पूर्ण आणि वर भत्ता. नाही झाली, तर जेवढा भत्ता तेवढी पेन्शन कापायची. कुठेतरी रेघ मारावीच लागते ना, काका? बाबाची बावीस झाली. तुमची सतराच."

"सतराच," डेल्मरने मान डोलावली. त्याला मजा येत होती. ही पोर बोलायला लागल्यापासून त्याच्याशी भांडत आली होती. कायदा बदलला तर लॉरेन, त्याची बायको, दुसऱ्या दिवशी दुकानातली नोकरी सोडेल आणि सुजलेले पाय वर घेऊन बसेल, हे त्याला ठाऊक होतं. पण ते त्याने मार्लीला सांगितलं नाही. तिचा मुद्दा उगाच लंगडा पडला असता.

काय वर्षं होती ती! जर्मनीतल्या बर्फात एका तोफेवर सहाजण, रात्री एका तंबूत. रॉइस स्वतःचा मग हरवायचा आणि डेल्मरच्या मगातली अर्धी कॉफी पिऊन वर ती कडू आहे म्हणून कुरकुरायचा. एकाला घरचं पत्र आलं की सहाजण ऐकायचे. पाय गेल्याचं डेल्मरला हल्ली फारसं वाटत नसे. तो तंबू गेल्याचं मात्र अजून वाटायचं.

"एक सांगा," मार्ली म्हणाली. "तुम्ही दोघं एकाच तोफेवर होतात. मग स्फोट झाला तेव्हा बाबा कुठे होता?"

हे उत्तर डेल्मरने कधीपासून तयार ठेवलं होतं. "तुझा बाप? भांडी घासत होता. शिक्षा झाली होती त्याला."

खरं तर इराकमध्ये रजेसाठी हेल्मेटात चिठ्ठ्या टाकायचे. डेल्मरची निघाली, रॉइसची नाही, आणि इकडे ओक्लाहोमात रॉइसच्या बायकोचे दिवस भरले होते. डेल्मरने आपली चिठ्ठी त्याच्या खिशात कोंबली आणि गाडीतल्या रॉइसच्या जागेवर स्वतः बसला. तीच गाडी स्फोटात सापडली. जखमी सैनिक मरता मरता वाचल्याचा दिवस दरवर्षी साजरा करतात. डेल्मरचा खरा दिवस मार्लीच्या वाढदिवसानंतर दोनच दिवसांनी येई. लेकराच्या वाढदिवसावर सावली नको, म्हणून त्याने तो एप्रिलमध्ये ढकलला. दर एप्रिलला मार्ली स्वतः केलेला केक घेऊन यायची, आणि तो पोटभर खायचा.

रॉइसने चिमटा खाली ठेवला.

"मी घरी होतो, मार्ली. डेलच्या रजेवर. तू दोन दिवसांची होतीस."

"रॉइस, मांस करपतंय," डेल्मर म्हणाला.

"करपू दे."

मार्लीने एकदा बापाकडे पाहिलं, एकदा डेल्मरकडे. "पण तुमचा दिवस तर एप्रिलमध्ये असतो."

तिची नजर हळूहळू डेल्मरच्या पँटच्या डाव्या पायाकडे गेली आणि तिथेच राहिली. चर्चमध्ये लोक त्या पायाकडे हळहळत बघतात तसं ती बघत होती. इतकी वर्षं त्याला नको होतं ते नेमकं हेच.

"मी सोमवारी बोलणार नाही," ती म्हणाली. "सांगते त्यांना, दुसऱ्या कुणाला तरी उभं करा."

"का म्हणून? मला काय झालंय? मघाशी तर मला पार लोळवत होतीस." डेल्मरने आवाज कडक केला, पूर्वी नव्या पोरांवर करायचा तसा. "चल, उभी राहा. समोरचा म्हणेल, पेन्शन घाम गाळलेल्या वर्षांची, भत्ता गेलेल्या पायाचा. एकातून दुसरं कसं काय कापता? आणि त्याचं बरोबरच आहे. मीही तेच म्हणतो. त्यावर तुझं उत्तर काय?"

मार्ली उभी राहिली. डोळे भरून आले. रॉइस पाठ फिरवून शेगडीकडे बघत राहिला. मांस खरंच करपत होतं.

डेल्मरने वाट पाहिली. मग टेबलावर दोन्ही हात टेकून तो उठला, खोट्या पायावर तोल सावरला, शर्ट नीट खोचला आणि समोरच्या रिकाम्या खुर्च्यांकडे तोंड केलं.

"सन्माननीय परीक्षक," तो खणखणीत आवाजात म्हणाला, "या माणसाला मी चांगला ओळखतो. माणूस वाईट नाही. पण त्याची वीस वर्षं भरलेली नाहीत."

मग तो मार्लीकडे वळला.

"लिहून घे, पोरी."