पाच मिनिटांवर कॉलेज

"रस्त्यानं कशाला जायचं?" त्या शब्दाचाच राग आल्यासारखे घरमालक काका म्हणाले. "रस्ता परक्या लोकांसाठी असतो. माझ्या मागून चल. पाच मिनिटांत कॉलेज!"

पोरीने घड्याळ पाहिलं. पावणेआठ. खोली तिला पसंत पडली होती: एक खिडकी, एक खाट, आणि डॉक्टरीच्या अभ्यासाला लागणाऱ्या हाडांचा डबा मावेल एवढं कपाट. पण आठच्या ठोक्याला शवविच्छेदनाच्या हॉलचं दार लागायचं. मावशीचं घर शहराच्या पार टोकाला, दोन बस बदलून यायचं. त्यापायी ते दार तिच्या तोंडावर इतक्या वेळा लागलं होतं, की आणखी एक गैरहजेरी पडली असती तर परीक्षेलाच बसू दिलं नसतं. पहिल्याच वर्षी! रस्त्याने दहा मिनिटं लागतात हे तिला ठाऊक होतं. पण होणाऱ्या घरमालकाला पहिल्याच दिवशी नाही कसं म्हणायचं?

काका निघाले ते थेट शेजारच्या शिंप्याच्या मागल्या दारातून आत. आयुष्यभर या भागात टपाल वाटलेला माणूस; त्यांना इथलं एकही दार परकं नव्हतं. निवृत्त झाले तरी चाल तीच, पोर मागून अक्षरशः पळत होती. काकांचा हिशेब खोटा नव्हताच. घोळ झाला तो त्यांच्या तोंडामुळे.

"या आपल्या नव्या डॉक्टरीणबाई," त्यांनी शिंप्याला सांगितलं.

शिंप्याने मशीन थांबवून मनगट पुढे केलं. कात्री धरली की कळ यायची म्हणे. आता पोरीने आजवर एकाच माणसाला हात लावला होता, आणि त्याने कसलीही तक्रार केली नव्हती. घाबरून तिने मनगटातल्या आठही हाडांची नावं एका दमात म्हणून टाकली.

शिंप्याचा चेहरा उतरला. "आठही गेली?"

ती सगळी जागेवर आहेत हे त्याला पटवण्यात चार मिनिटं गेली.

पुढच्या अंगणात एक आजीबाई दात घासत होत्या. काकांनी तिथेही दवंडी पिटली. आजींनी चूळ भरून भलीमोठी जीभ बाहेर काढली.

"आजी, आमचं जिभेपर्यंत अजून आलेलं नाही. सध्या हातच चाललाय."

"मग हात बघ," म्हणत आजींनी दोन्ही हात पुढे केले.

त्यानंतर इस्पितळाचा धुलाईखाना. ओल्या चादरींच्या रांगांतून वाट काढताना काकांना जुने दोस्त भेटले आणि गळाभेटी सुरू झाल्या. "डॉक्टरीणबाई" हा शब्द कानावर पडताच एकाने पॅन्ट गुडघ्यापर्यंत वर केली. पोरीच्या डोळ्यांत पाणीच आलं. ती काकांची बाही धरून ओरडली, "काका, दार लागेल हो!"

दार लागलंच होतं. आठ वाजून चार मिनिटं. हॉलच्या पायरीवर ती मटकन बसली. वर्ष गेलं, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं. "सर आठनंतर दार उघडत नाहीत. कुणालाच नाही."

काकांचा चेहरा पडला. नोकरीत त्यांच्या हातून एकही कार्ड उशिरा गेलं नव्हतं, आणि आज ही पोर उशिरा पोचली होती. त्यांनी सदरा नीट केला, दारावर तीन थापा मारल्या आणि जुना, गल्लीभर जाणारा आवाज काढला.

"रजिस्टर आहे! सही लागेल!"

आत पावलं वाजली. दार उघडलं. खुद्द सर उभे होते, पेनाचं टोपण काढून.

"कुठंय?"

"ही काय," म्हणत काकांनी पोरीला दंडाला धरून पुढे केलं. तिच्या केसांत शिंप्याकडची चिंधी होती, एप्रनची एक बाही ओलीचिंब. "नाव बरोबर, पत्ता बरोबर. उशीर झाला तो टपालखात्याचा दोष, पत्राचा नाही. घ्यायची नसेल तर 'नाकारली' असं लिहून खाली सही करा. परत नेतो."

हॉलमधली पोरं खदखदून हसली. सर वळले तशी चिडीचूप झाली. सरांनी पोरीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आत जा," ते म्हणाले. "उद्यापासून मात्र पायांनी यायचं. पोस्टानं नाही."

पोर बाणासारखी आत घुसली. सर दार लावणार, एवढ्यात काकांनी खिशातली डायरी उघडून त्यांच्यापुढे धरली.

"सही राहिली, साहेब. खाली वेळ घाला."

सरांनी सही केली. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं: आठ वाजून सात मिनिटं. मग सहीखाली नीट, वळणदार आकड्यांत वेळ घातली. सात पंचावन्न.