नातसुनेला काय शिकायचंय

सोनाक्काला नातवाची एक खोड सोसवत नव्हती. इटलीहून आणलेल्या बायकोला, लुचियाला, काहीही विचारा, उत्तर हाच द्यायचा. "तिला भाकरी आवडते, आज्जी." "ती दमलीय, आज्जी." पोरीला देवानं तोंड दिलंय की नाही? परवा दोघं परत जाणार, आणि नातसुनेचा आवाजसुद्धा धड ऐकला नव्हता.

इटालियन शिकणाऱ्या नातीकडून सोनाक्कानं एकच प्रश्न घोकून घेतला आणि भर पंगतीत टाकला, "कोझा वुओई इम्पारारे? काय शिकायला आवडंल गं तुला?"

नातवानं लगेच तोंड उघडलं. सोनाक्कानं त्याच्याकडं नुसतं बघितलं. तो मुकाट्यानं जेवू लागला.

लुचिया खुदकन हसली आणि इटालियनमध्ये भडाभडा बोलत सुटली. नात पोट धरून हसत म्हणाली, "आज्जी, तिला तुझं हे असं बघणं शिकायचंय!"

सोनाक्का नातवाकडं वळली, "धैर्या, परवा तू एकटाच जा. ही राहतीय शिकायला."